जिनिंगची मोटर कोणाच्या कापसावर फिरते?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे विषय एकच आहे. तालुक्याची सहकारी जिनिंग-प्रेसिंग गेली आठ वर्षे कुलूपबंद आहे. ती आपल्या शेतकरी कंपनीने भाड्याने घ्यावी काय, आणि घेतली तर तिच्यातल्या जुन्या मोटरींचे आणि विजेच्या पॅनलचे काय करावे, हे ठरवायचे आहे. मागच्या बैठकीत दोन मते पडली. काही जण म्हणाले, यंत्रे अजून फिरतात, वंगण घाला, रंग मारा आणि दसऱ्याला चालू करा. काही तरुण मित्र म्हणाले, जुने सगळे भंगारात काढा, नव्या मोटरी बसवा, बँक कर्ज द्यायला तयार आहे. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. का नाहीत, त्याचा हिशेब तुमच्यापुढे मांडायला मी उभा आहे.

मी शेतकी पदवीधर आहे, विजेचा इंजिनिअर नव्हे. पऱ्हाटीवर किती पाते लागले आणि किती गळाले, हे मोजणे माझे शिक्षण. तेव्हा कोणी विचारील, तुम्हाला मोटरीत काय कळते? माझे उत्तर असे की, जिनिंगचा खर्च हा आपल्या शेतीचाच खर्च आहे. तो आपल्या वहीत लिहिला जात नाही, एवढाच फरक. मी फिटर लोकांना विचारले, वायरमन लोकांना विचारले, मोटर भरणाऱ्या कारागिरांच्या दुकानात जाऊन बसलो. त्यातून जे समजले ते सांगतो.

शंभर किलो कापूस रेच्यावर घातला की साधारण ३४ किलो रुई निघते, ६३ किलोच्या आसपास सरकी निघते, बाकी घट आणि कचरा. १७० किलो रुईची एक गाठ. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. व्यापारी गावात येऊन भाव सांगतो तेव्हा त्याच्या डोक्यात असते रुईचा भाव अधिक सरकीचा भाव, वजा गाठ बांधेपर्यंतचा खर्च, वजा त्याचा नफा. रुईचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. सरकीचा भाव तेलाच्या आणि पेंडेच्या बाजारात ठरतो. मग जिनिंगमध्ये वीज वाया गेली, मोटर जळून चार दिवस काम थांबले, ढिगाला आग लागली, तर तो खर्च कुठून वसूल होणार? ज्याला खाली ढकलायला कोणी उरलेला नाही, त्याच्याकडून. तो माणूस म्हणजे तुम्ही आणि मी.

जिनिंगा इतक्या जुन्या का राहिल्या, हेही पाहिले पाहिजे. खामगावला १८७० साली रेल्वे पोहोचली ती कापसासाठी. त्या काळात वऱ्हाडात जीन आणि प्रेस उभ्या राहिल्या त्या वाफेच्या इंजिनावर. एक इंजिन, त्याला जोडलेला एक लांबच लांब शाफ्ट, शाफ्टवर चाके, आणि प्रत्येक चाकावरून एकेका रेच्याकडे जाणारा पट्टा. पुढे वाफेच्या जागी तेलाचे इंजिन आले आणि इंजिनाच्या जागी विजेची मोठी मोटर आली. शाफ्ट मात्र तोच राहिला. बैल बदलला, नांगर तोच.

मग १९७२ पासून सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी यंत्रणेने घ्यायचा, जिनिंगने तो ठरलेल्या दराने पिंजून गाठी बांधून द्यायच्या. चांगले काम करणाऱ्या जिनिंगला जादा पैसा नाही, वाईट काम करणारीला तोटा नाही. अशा ठिकाणी कोण कशाला नवी मोटर घेईल? फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झाले. त्याच्या चौथ्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान होते. खाजगी जिनिंगवाल्यांपैकी पुष्कळांनी ते घेतले आणि कारखाने सुधारले. ज्या सहकारी संस्थांना स्वतःचा हिस्सा उभा करता आला नाही त्या होत्या तिथेच राहिल्या. आपण पाहून आलो ती जिनिंग अशीच अर्ध्या वाटेवर थांबलेली आहे.

तुमच्यापैकी जे पाहायला आले नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. चोवीस डबल रोलर रेचे आहेत, बारा-बाराच्या दोन ओळी. एका ओळीला प्रत्येक रेच्यावर पाच हॉर्सपॉवरची वेगळी मोटर आहे. दुसरी ओळ अजून शाफ्टवर आहे आणि तिला साठ हॉर्सपॉवरची एकच स्लिपरिंग मोटर फिरवते. शिवाय प्रेसच्या पंपाची मोटर आणि कापूस ओढणाऱ्या पंख्याची मोटर. पॅनल लाकडी चौकटीवर आहे. किटकॅट फ्यूज आहेत आणि काही फ्यूजमध्ये तारेच्या चार-चार वेटोळ्या घातलेल्या आहेत. दोन स्टार्टरमध्ये काडी खोचलेली होती. हसू नका, आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरमध्येही तीच काडी आहे.

आता हिशेब. आधी नव्या मोटरीचा, कारण सगळ्यांना त्याचीच घाई आहे.

मोटर जेवढी वीज खाते तेवढे काम करत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. नव्या मोटरींवर हल्ली आयई-२, आयई-३ असे लिहिलेले असते. आकडा मोठा तशी वीज कमी वाया जाते. पाच हॉर्सपॉवरची चार पोलची मोटर आयई-२ असेल तर १०० भागांतले साधारण ८६ भाग काम करते, आयई-३ असेल तर ८८. आपली जुनी, दोन-तीनदा भरलेली मोटर ८० वर आली आहे असे धरू. रेचा चालताना मोटरीवर पाऊण भार असतो असेही धरू. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७३ किलोवॅट, त्याचे पाऊण २.८. जुनी मोटर त्यासाठी ३.५ किलोवॅट घेईल, नवी ३.१८. फरक तासाला एक तृतीयांश युनिटपेक्षाही कमी. हंगाम १२० दिवसांचा आणि दिवसाला १६ तास काम, म्हणजे १९२० तास. एका मोटरीमागे ६११ युनिट वाचतील. दहा रुपये युनिट धरा, सहा हजार शंभर रुपये.

नवी मोटर वीस हजारांच्या घरात धरली तर तीन-सव्वातीन हंगामांत पैसे फिटले. कागदावर चांगले दिसते. पण पहिल्या वर्षी आपल्याकडे १२० दिवस पुरेल एवढा कापूस येणार आहे काय? अर्धाच आला तर सहा-सात वर्षे लागतील, आणि कर्जाचे व्याज मी अजून धरलेले नाही. साखर कारखाना, कापड गिरणी, पाण्याची योजना, जिथे मोटर वर्षभर फिरते तिथे हा सौदा डोळे मिटून करावा. जिनिंगची मोटर वर्षातले आठ महिने झोपलेली असते. झोपलेली मोटर वीज वाचवत नाही.

हाच हिशेब कापसाच्या क्विंटलवर आणा. एक रेचा तासाला ४५ किलो रुई काढतो असे धरले तर हंगामात त्याच्यावरून अडीच हजार क्विंटल कापूस जातो. सहा हजार शंभर भागिले अडीच हजार म्हणजे क्विंटलला जेमतेम अडीच रुपये. एवढ्यासाठी बारा मोटरी भंगारात घालून कर्ज काढायला मी तयार नाही.

मग काहीच करू नये काय? तसे नाही. पैसा दुसरीकडे गळतो आहे.

शाफ्टच्या ओळीकडे चला. साठ हॉर्सपॉवरची ती मोटर जळाली तर बारा रेचे एकदम बंद. अर्धी जिनिंग बंद. ४५ किलोच्या हिशेबाने बारा रेचे सोळा तासांत पन्नास गाठींची रुई काढतात, म्हणजे रोजचा अडीचशे क्विंटल कापूस. एवढी मोठी मोटर भरून यायला चार दिवस धरा. ती जळते केव्हा, तर भर डिसेंबरात, आवारात गाड्यांची रांग लागलेली असताना. हजार क्विंटल कापूस पडून राहणार. ज्याला किराणा द्यायचा आहे, मुलीची फी भरायची आहे, तो चार दिवस थांबत नाही. तो गाडी वळवतो आणि मिळेल त्या भावाला देऊन मोकळा होतो. अशा कापसावर क्विंटलला शंभर रुपये कमी मिळाले तरी एक लाख रुपये गेले. ते वीजबिलात दिसत नाहीत. कोणाच्याच खात्यावर दिसत नाहीत.

वेगळ्या मोटरींच्या ओळीत एक जळाली तर एकच रेचा थांबतो, अकरा चालू राहतात. एक मोटर शिल्लक ठेवली असेल तर तासाभरात तोही चालू होतो.

शाफ्टचा दुसरा दोष असा की कापूस थोडा असो की जास्त, शाफ्ट सगळाच फिरवावा लागतो. तीन रेच्यांचे काम असले तरी साठ हॉर्सपॉवरची मोटर चालते. पट्टे घसरतात, बेअरिंग गरम होतात, आणि वरच्या बेअरिंगमधले ग्रीस खाली रुईवर गळते. ग्रीसचा डाग पडलेल्या रुईला गिरणीवाला कट लावतो, हे वेगळे सांगायला नको. तिसरा दोष सगळ्यात वाईट आहे. स्लिपरिंग मोटरला कार्बनचे ब्रश असतात. ब्रश झिजले की ठिणग्या पडतात. ज्या खोलीत हवेत रुईची तुसे तरंगत आहेत त्या खोलीत ठिणगी पाडणारी मोटर आपण हौसेने ठेवली आहे.

शाफ्टवर किती वीज वाया जाते ते मी सांगितले म्हणून मानू नका. मोजा. सगळे पट्टे मोकळ्या पुलीवर टाका, एकाही रेच्यात कापूस घालू नका, अर्धा तास शाफ्ट फिरवा आणि मीटर वाचा. मग कापूस घालून अर्धा तास चालवा आणि पुन्हा वाचा. पहिला आकडा म्हणजे नुसता शाफ्ट फिरवायचा खर्च. गाडीत माल नाही तरी बैलाला कडबा लागतोच, तसे हे.

तेव्हा माझे पहिले म्हणणे असे की शाफ्ट काढावा आणि त्या बाराही रेच्यांना वेगळ्या मोटरी द्याव्यात. इथे मोटरी विकत घ्यायच्याच आहेत, म्हणून इथे आयई-३ घ्यावी. आयई-२ आणि आयई-३ यांच्या किमतीत जो फरक असेल तेवढाच वीजबचतीतून फेडायचा आहे, पूर्ण किंमत नव्हे. दुसऱ्या ओळीतल्या जुन्या मोटरी चालू द्याव्यात. जी जळेल ती पुन्हा न भरता तिच्या जागी नवी बसवावी. पाचाच्या जागी पाचच. मोटर भरणारा म्हणेल, साडेसातची टाका, कधी जळणार नाही. विहिरीवर आपण असेच फसतो. अर्ध्या भारावर चालणारी मोठी मोटर पॉवर फॅक्टर खराब करते.

दुसरे म्हणणे पॅनलचे. माझ्या मते मोटरींच्या आधी पैसा पॅनलवर घातला पाहिजे. मोटर जळते त्याचे कारण बहुतेक वेळा मोटरीत नसतेच. तुमच्या विहिरीवर मोटर केव्हा जळते? एक फेज गेला आणि मोटर दोन फेजवर गुरगुरत राहिली तेव्हा. किंवा डीपीवर भार वाढून व्होल्टेज पडले तेव्हा. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट आले तर जोर दोन तृतीयांशच उरतो. रेचा तर तेवढाच जोर मागतो. मग मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. वाइंडिंगचे तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिले तर इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा विजेच्या कामातला जुना ठोकताळा आहे.

यावर उपाय महाग नाहीत. प्रत्येक मोटरीला स्वतःचा काँटॅक्टर, स्वतःचा ओव्हरलोड रिले, आणि मुख्य पुरवठ्यावर फेज गेला किंवा फेज उलटे झाले तर सगळे बंद करणारा प्रिव्हेंटर. ओव्हरलोड रिले मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या करंटला लावायचा. पाच हॉर्सपॉवरला तो साडेसात अँपिअरच्या आसपास असतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले डेल्टाच्या आतल्या तारांवर असेल तर पाटीवरच्या आकड्याच्या ०.५८ पटीला लावायचा. हे न कळल्यामुळे रिले पूर्ण आकड्याला लावलेले मी पाहिले आहेत. तसा रिले म्हणजे झोपलेला राखणदार. आणि रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा स्क्रू पुढे सरकवायचा नाही, काडी तर नाहीच. रिले पडतो म्हणजे तो काहीतरी सांगतो आहे. रोलर घट्ट बसले आहेत, बेअरिंग गेले आहे, व्होल्टेज पडले आहे किंवा कापूस ओला आहे. आधी ते शोधा.

आपल्याला उच्च दाबाचा पुरवठा आहे आणि आवारात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला टॅप असतात. लाइनवर व्होल्टेज कायम कमी येत असेल तर पुरवठा बंद ठेवून टॅप बदलून घेता येतो. यात नवे काही विकत घ्यावे लागत नाही.

पॅनल आहे त्या जागी ठेवू नये. ते रेचे चालतात त्याच खोलीत आहे आणि त्याच्यावर बोटभर तुसे बसलेली मी माझ्या हाताने पुसली. नवे पॅनल भिंतीपलीकडे, धूळ न शिरणाऱ्या पत्र्याच्या कपाटात असावे. तारा लोखंडी पाइपमधून न्याव्यात, मध्ये जोड नको. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला लग दाबून बसवलेला असावा. नुसती पिळून स्क्रूखाली दाबलेली तार महिन्याभरात सैल होते, आणि सैल जोड हीच पहिली आग. मोटरीही बंद बॉडीच्या घ्याव्यात. जुन्या जाळीच्या मोटरी तुसे आत ओढतात, हवा जायची वाट बुजते आणि मोटर आतून भाजते.

आगीबद्दल थोडे थांबून बोलतो. कापसाच्या ढिगाची आग ज्याने पाहिली आहे त्याला माहीत आहे की ती वरून विझते आणि आतून जळत राहते. गाठीत गेलेली ठिणगी दोन दिवसांनी गोदामात पेटते. ही आग नशिबाने लागली असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ब्रशची ठिणगी, तापलेले बेअरिंग, घसरणारा पट्टा, चार वेटोळ्यांचा फ्यूज, कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा, यांपैकी एखादे कारण बहुतेक वेळा सापडते. खडा आपण वेचणीत थांबवू. बाकीचे पॅनलच्या आणि मोटरीच्या कामात थांबवायचे आहे. आणि हा कापूस आता जीनवाल्याचा नसेल. आपल्या कंपनीच्या आवारात पडलेला, पैसे न मिळालेला, तुमचा कापूस असेल.

मायबहिणींनो, आता तुमच्याशी संबंधित बोलतो. रेच्यावर कापूस टाकण्याचे काम आपल्याकडे बायाच करतात. उघड्या पट्ट्यात पदर जातो, वेणी जाते. फिरती यंत्रे झाकलेली असावीत, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलेले होते. आपण पाहिलेल्या शाफ्टवर एकही झाकण नाही. शाफ्ट काढावा म्हणतो त्याचे हेही कारण आहे. नव्या पॅनलला प्रत्येक चौथ्या रेच्याजवळ लाल बटण असावे, हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, आणि ते दाबले की ओळ थांबावी. रेचा बंद पडला की कापूस आणणारा पट्टाही आपोआप थांबावा, अशी जोडणी असावी. ही जोडणी साध्या काँटॅक्टरवर होते, त्याला संगणक लागत नाही. कोणी संगणकावर चालणारे पॅनल विकायला आले तर विचारा, जानेवारीत ते बंद पडले तर दुरुस्त करणारा तालुक्यात आहे काय? तालुक्याच्या वायरमनला जे उघडून पाहता येते तेच आपल्या कामाचे.

तिसरी गळती वीजबिलात. महाराष्ट्रात उच्च दाबाच्या ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच वर बिल येते. याचा अर्थ आधी समजून घ्या. मोटर कामाची वीज घेते आणि शिवाय चुंबक तयार करायला आणखी एक करंट घेते. तो करंट काम करत नाही, पण तारांमधून ये-जा करतो. आता त्याचेही पैसे लागतात. कामाची वीज १०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.७५ असेल तर मीटर १३३ मोजतो. पॉवर फॅक्टर ०.९८ केला तर १०२ मोजतो. काम तेवढेच, कापूस तेवढाच. या उदाहरणात साधारण ६८ केव्हीएआरचे कपॅसिटर लागतात. नव्या मोटरींची बचत आणि ही बचत शेजारी ठेवून पाहा. कपॅसिटर काँटॅक्टरवर टप्प्याटप्प्याने आत-बाहेर जाणारे असावेत. नुसते कायम जोडून ठेवले तर भार कमी असताना उलटाच त्रास होतो. आणि दर हंगामाच्या आधी ते तपासावेत, फुगलेला कपॅसिटर काढून टाकावा.

बिलाबद्दल आणखी दोन गोष्टी. सरकी वेगळी करणारे आणि गाठी बांधणारे कारखाने दरपत्रकात हंगामी उद्योग म्हणून धरले गेलेले आहेत. ती सवलत अर्ज करून मागावी लागते. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे दरपत्रक वाचा आणि बंद महिन्यांत मागणी आकार किती पडतो ते पाहा. दुसरे, २०२३ साली केंद्राने नियम केला की उद्योगांना सौर विजेच्या तासांत, म्हणजे दिवसा, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा. पूर्वी रात्री चालवणे स्वस्त होते, म्हणून जिनिंगा रात्री चालत. आता दिवस भरून काढणे फायद्याचे होत आहे. रात्रपाळी कमी झाली तर बायांनाही बरे आणि आगीवरही लक्ष राहते.

कोणी म्हणते, सगळ्या मोटरी एकदम चालू केल्या की डिमांड चढते. तसे नाही. चालू होताना मोटर सहापट करंट घेते हे खरे, पण तो काही सेकंदांपुरता, आणि डिमांडचा आकडा अनेक मिनिटांच्या सरासरीवर निघतो. एकामागून एक चालू करायच्या त्या व्होल्टेज पडू नये म्हणून.

वेग बदलणाऱ्या ड्राइव्हबद्दल तरुण मित्रांनी विचारले होते. रेच्याला तो लागत नाही, रेचा एकाच वेगाने चालायचा असतो. पंख्याला मात्र लावावा. पंख्याचा वेग शंभराचा ऐंशी केला तर वीज निम्मीच लागते, हा पंख्याचा नियमच आहे. आज आपल्या पंख्याची हवा पत्र्याची झडप अर्धी बंद करून कमी करतात, म्हणजे एक पाय एक्सलेटरवर आणि एक ब्रेकवर. पण हा ड्राइव्ह पहिल्या वर्षी नको. पहिल्या हंगामात पैसे उरले तर दुसऱ्या वर्षी.

मोटर भरून आणायची वेळ आलीच तर कारागिराला तीन गोष्टी विचारा. तार जुन्याच गेजची घातली काय? फेरे तेवढेच आहेत काय? आणि जुनी वाइंडिंग काढताना मोटर जाळात घातली होती काय? जाळात घातली की आतल्या पत्र्यांवरचा लेप जळतो आणि मोटर पुढे कायम गरम राहते. भरण्याआधी आणि भरल्यावर रिकामी फिरवून करंट मोजा. तो वाढला असेल तर मोटर परत द्या. आणि आठ वर्षे पडून असलेली कोणतीही मोटर एकदम चालू करायची नाही. ओल धरलेली असते. आधी मेगरने इन्सुलेशन पाहायचे, कमी आले तर बल्ब लावून वाळवायची.

अर्थिंगही पाहिले पाहिजे. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ओली असताना अर्थिंग उत्तम लागते. उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइप मातीपासून सुटतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात हंगामभर पाणी घालायला एका माणसाच्या नावावर काम लावून द्यावे.

शेवटी करारनाम्याबद्दल. संस्थेकडे विजेची जुनी थकबाकी आहे असे ऐकतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नियमात तशी तरतूद असेल तर जुन्या ग्राहकाची थकबाकी त्या जागेच्या नव्या मालकाकडे मागता येते. आपण भाडेकरू आहोत म्हणून सुटलो असे धरून चालू नका. थकबाकी किती, ती कोण भरणार, हे करारनाम्यात लिहून आल्याशिवाय कोणी सही करायची नाही. तसेच नव्या मोटरी आणि पॅनल आपल्या पैशाने बसणार, तर भाड्याची मुदत संपल्यावर ती उचलून नेण्याचा हक्क आपला राहील, हेही लिहून घ्यायचे. भाडे अकरा महिन्यांचे असेल तर शाफ्ट काढण्यात अर्थ नाही. निदान पाच हंगामांची मुदत पाहिजे. ती मिळत नसेल तर माझे मत असे की जिनिंग घेऊच नये, आहे त्या खाजगी जिनिंगला मजुरीने कापूस पिंजायला द्यावा आणि रुई-सरकी आपण विकावी.

आज हात वर करून ठराव करू नका. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता जिनिंगच्या फाटकाशी दहा जण जमू. संस्थेच्या अध्यक्षांकडून बंद होण्याआधीच्या दोन हंगामांची वीजबिले मागितली आहेत, ती तिथे वाचू. लाइन बंद आहे, म्हणून शाफ्टची मोजणी त्या दिवशी होणार नाही. तिच्यासाठी जनरेटर भाड्याने आणावा लागेल, त्याची चौकशी दोघांनी आठवड्यात करावी. मेगर आणि क्लँप मीटर घेऊन वायरमन येणार आहेत. प्रत्येक मोटरीची पाटी पुसून त्यावरचा हॉर्सपॉवर, करंट आणि साल वहीत उतरवून घ्यायचे आहे. ज्यांना लिहिता येते अशी दोन पोरे बरोबर आणा, आणि बायांपैकी ज्यांनी तिथे पूर्वी काम केले आहे त्या दोघी-तिघींनी अवश्य यावे. कोणता रेचा कुठे अडतो हे त्यांनाच ठाऊक आहे.